गॅप वर्षात क्रेडिट मिळवायचे आहेत? आधी कॉलेजची लेखी परवानगी, मग 'स्वयम'चा कोर्स

इयर डाउन झालं, घरच्या अडचणीमुळे कॉलेज मध्येच थांबवावं लागलं किंवा नीट-जेईईसाठी बारावीनंतर ड्रॉप घेतला, की 'वर्ष वाया गेलं' हे घरात रोज ऐकावं लागतं. पण केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरचे कोर्स करून याच काळात पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारी अभ्यासाची एककं, मिळवता येतात. फक्त कोर्सचं प्रमाणपत्र मिळणं वेगळं आणि त्याचे क्रेडिट तुमच्या गुणपत्रिकेवर येणं वेगळं. पहिलं तुमच्या अभ्यासावर मिळतं, दुसरं कॉलेज आणि विद्यापीठाच्या मान्यतेवर. खूप मुलं कोर्स पूर्ण करून मग कॉलेजात विचारायला जातात आणि तिथे अडकतात.

पात्रता कोणाची?

सगळ्यात भक्कम बाजू आहे ती आधीच पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची. इयर डाउन झालं तरी तुमचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, तसाच राहतो, त्यामुळे कॉलेजकडे रीतसर अर्ज करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर अधिकृतपणे बाहेर पडायचं असेल, तर किमान 40 क्रेडिट आणि शिवाय 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण असावा लागतो. तसं केल्यास प्रमाणपत्र मिळतं, 3 वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण 7 वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. नुसतं कॉलेजला जाणं बंद करू नका. 'एक्झिट'चा अर्ज करून त्याची पोच घ्या, नाहीतर परतताना फार मनस्ताप होतो.

बारावीनंतर ड्रॉप घेतलेल्यांना मी स्पष्टच सांगेन. तुम्ही 'स्वयम'चा कोर्स करू शकता, प्रमाणपत्रही मिळेल. पण तुमचं कॉलेजच अजून ठरलेलं नसल्याने ते क्रेडिट पुढे धरले जातीलच असं कोणी आज लिहून देणार नाही. एमबीबीएसला गेलात तर तिथे त्यांचा उपयोग नाही. खात्रीचे क्रेडिट हवे असतील तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत पदवीला प्रवेश घेऊन ठेवणं जास्त शहाणपणाचं. प्रवेशपरीक्षेची तयारी त्यासोबत चालू ठेवता येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी 40 टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करता येतात. म्हणजे 20 क्रेडिटच्या सत्रात साधारण 8 क्रेडिट. गॅपमध्ये मिळवलेले क्रेडिट कोणत्या सत्रात आणि कोणत्या विषयाच्या जागी धरणार, हे कॉलेजकडून आधीच लिहून घ्या. एटीकेटीचा राहिलेला पेपर 'स्वयम'च्या कोर्सने आपोआप सुटत नाही.

एबीसी आयडी आणि नावाची भानगड

मिळवलेले क्रेडिट जमा होतात अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत. त्यासाठी 12 अंकी आयडी लागतो. आता तोच 'अपार' आयडी म्हणून ओळखला जातो. डिजिलॉकरवर आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर वापरून तो मोफत निघतो.

अडचण येते ती नावाची. आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेकांचं आडनाव शेवटी. त्यात स्पेलिंगचा एखादा फरक असला की माहिती जुळत नाही आणि क्रेडिट खात्यावर दिसत नाहीत. आधार दुरुस्ती करायची असेल तर कोर्स सुरू होण्याआधीच करा. 'स्वयम'वर नोंदणी करतानाही आधारवरचंच नाव अक्षर न अक्षर तसंच टाका.

अर्ज आणि कागदपत्रं

'स्वयम'ची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. 'स्वयम'वर आयआयटींकडून चालवल्या जाणाऱ्या एनपीटीईएलचे कोर्स 4, 8 आणि 12 आठवड्यांचे असतात आणि त्यांना अनुक्रमे 1, 2 आणि 3 क्रेडिट असतात. विद्यापीठाने मान्य केलेल्या कोर्सची यादी कॉलेजच्या 'स्वयम' समन्वयकाकडे मागा आणि त्यातूनच निवडा. मग प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: तुमचा पीआरएन, एबीसी आयडी, कोर्सचं नाव, कोड, आठवडे, क्रेडिट, शिकवणारी संस्था आणि कोणत्या विषयाच्या जागी तो धरावा. सोबत आधारची प्रत, आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि कोर्सच्या पानाची प्रिंट जोडा. काही कॉलेजं गॅपचं प्रतिज्ञापत्रही मागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नका.

परीक्षा

कोर्सला नाव नोंदवणं मोफत आहे, परीक्षेचा अर्ज मात्र वेगळा आणि सशुल्क असतो. त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. ती चुकली तर सगळे आठवडे शिकूनही क्रेडिट मिळत नाहीत. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, ओळखपत्र मूळ लागतं.

एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. 12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 8 असाइनमेंट धरतात, त्यामुळे आजारपणात एखादी राहिली तर घाबरू नका. नोकरी किंवा शेतीचं काम सांभाळून शिकणाऱ्यांनी पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

निकालानंतर

क्रेडिट एबीसी खात्यात दिसले की प्रमाणपत्राची प्रत आणि परवानगीचं पत्र जोडून कॉलेजकडे क्रेडिट धरण्याचा दुसरा अर्ज करा. हे काम आपोआप होईल म्हणून थांबू नका. खात्यातले क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं ग्राह्य असतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात. क्रेडिट दिसतच नसतील तर आधी 'स्वयम'च्या प्रोफाइलमधला एबीसी आयडी तपासा, मग कॉलेजात एबीसीचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्या पत्राचीही पोच घ्या.