जंगल पाहण्याचे मोल: प्रवासखर्च पद्धतीची पार्श्वभूमी

राष्ट्रीय उद्यानात दिवस काढून परतणाऱ्या माणसाला त्या दिवसाचे मोल किती? तिकिटाचे पैसे हे त्याचे उत्तर नाही, कारण तिकीट सरकार ठरवते आणि बहुतेक ठिकाणी ते मुद्दाम स्वस्त ठेवलेले असते. तिथे जाताना खर्च झालेले पैसे हेही उत्तर नाही. हा दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. पर्यटनाने अमुक कोटींची उलाढाल झाली, ही जागेची किंमत म्हणून छापली जाते, ती याच गैरसमजातून.

प्रश्न उभा राहिला अमेरिकेतल्या धरणांमुळे. तिथल्या 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने अट घातली की प्रकल्पाचे लाभ, मग ते कोणालाही होवोत, खर्चापेक्षा जास्त असले पाहिजेत. पूर टळणे, सिंचन, वीज यांचे आकडे काढता येत होते. जलाशयावर नौकाविहाराला येणाऱ्यांचा आनंद कोणत्या रकान्यात लिहायचा, हे मात्र कोणाला सांगता येईना. राष्ट्रीय उद्यान सेवेसमोरही तोच पेच होता. तिने 1940 च्या दशकात अर्थतज्ज्ञांना पत्रे पाठवून मत विचारले, तेव्हा बहुतेकांनी हे मोजताच येणार नाही असे कळवले.

अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 18 जून 1947 च्या पत्रात वेगळे उत्तर दिले. उद्यानाभोवती वर्तुळाकार पट्टे आखा, प्रत्येक पट्ट्यातून येण्याचा खर्च काढा आणि तिथून किती लोक येतात ते पाहा. लांबच्यांना भेट महाग पडते, म्हणून ते कमी येतात. हे कमी होत जाणे म्हणजेच मागणी वक्र, म्हणजे किंमत वाढली की मागणी किती घटते ते दाखवणारी रेषा. हीच प्रवासखर्च पद्धत. सेवेने 1949 मध्ये ते पत्र अहवालात छापले, पण पद्धत उचलली नाही. कॅलिफोर्नियातल्या फेदर नदी प्रकल्पासाठी ट्राइस आणि वुड यांनी ती वापरली. अर्थतज्ज्ञ मॅरियन क्लॉसन यांनी 1959 मध्ये योसेमिटीसारख्या उद्यानांची आकडेवारी घेऊन तिला आजचे रूप दिले.

गणित कसे चालते ते कल्पित आकड्यांवर पाहू. एका उद्यानात प्रवेश मोफत आहे आणि भोवती तीन पट्टे आहेत. पहिल्याची लोकसंख्या 10,000, जाऊन-येऊन खर्च माणशी 100 रुपये आणि वर्षाला 4,000 भेटी. दुसऱ्याची 20,000, खर्च 300, भेटी 4,000. तिसऱ्याची 50,000, खर्च 400, भेटी 5,000. एकूण भेटींची तुलना करून उपयोग नाही, कारण लोकसंख्या वेगवेगळी आहे. म्हणून दर हजारी भेटी काढायच्या: 400, 200 आणि 100. खर्च एक रुपयाने वाढला की दर हजारी एक भेट कमी होते, असा सरळ संबंध इथे दिसतो. प्रत्यक्षात तो प्रतिगमनाने, म्हणजे विखुरलेल्या आकड्यांना सर्वांत जवळची रेषा काढण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीने, शोधावा लागतो आणि इतका सरळ कधीच नसतो.

आता फाटकावर 100 रुपये प्रवेशशुल्क लावले असे धरा. शुल्क आणि प्रवासखर्च यांना लोक सारखाच प्रतिसाद देतील, हे या पद्धतीचे मुख्य गृहीत आहे. पहिल्या पट्ट्यातून 3,000 भेटी उरतील, दुसऱ्यातून 2,000, तिसऱ्यातून शून्य. शुल्क 200 केले तर 2,000 उरतील, 300 ला 1,000, आणि 400 ला उद्यान रिकामे. शुल्क वाढताना भेटी कशा घटतात ते दाखवणाऱ्या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे उपभोक्त्याचे संतोषाधिक्य, म्हणजे लोक जास्तीत जास्त जे द्यायला तयार होते त्यातून प्रत्यक्ष खर्च वजा करून उरलेला लाभ. पट्ट्यांनुसार तो येतो 8 लाख, 4 लाख आणि 2.5 लाख, एकूण 14.5 लाख रुपये.

याच भेटींवर झालेला खर्च अनुक्रमे 4 लाख, 12 लाख आणि 20 लाख आहे. सर्वांत जास्त खर्च तिसऱ्या पट्ट्याचा आणि सर्वांत कमी लाभही त्याचाच. पहिल्या पट्ट्याचे नेमके उलटे. उलाढालीला जागेची किंमत मानले, तर उद्यानाचा सर्वाधिक फायदा घेणारा शेजारीच हिशेबात सर्वांत नगण्य ठरतो. उद्यान बंद झाले तर तो 36 लाखांचा खर्च लोक दुसरीकडे करतील. बुडतील ते 14.5 लाख.

पद्धत फसते ती बहुधा तीन ठिकाणी. पहिले, वेळ. प्रवासात गेलेले तास हाही खर्च आहे. ते धरले नाहीत तर लाभ कमी दिसतो. मजुरीच्या दराच्या एक-तृतीयांश दराने तास मोजण्याचा प्रघात पडला आहे, पण तो सोयीचा आकडा आहे, निसर्गनियम नव्हे. दुसरे, एका फेरीत अनेक ठिकाणे. मुंबईहून निघून महाबळेश्वर, प्रतापगड आणि कास करणाऱ्याचा सगळा खर्च कासच्या नावावर टाकला तर पठाराची किंमत फुगते. तिसरे, नमुना. फाटकावर उभे राहून प्रश्न विचारले की वारंवार येणारे जास्त सापडतात आणि न येणारे अजिबात सापडत नाहीत. ही त्रुटी दुरुस्त न करता काढलेली सरासरी चुकीचीच असते.

क्लॉसन यांच्या कामानंतरही सरकारी खात्यांना सोपा आकडा हवा होता. 1964 मध्ये अमेरिकी जलप्रकल्पांसाठी दर ठरले: साध्या करमणुकीच्या एका दिवसाला अर्धा ते दीड डॉलर, विशेष प्रकारच्या दिवसाला 2 ते 6 डॉलर. पर्यटकांचा अंदाज फुगवून या दराने गुणले की प्रकल्प सहज फायद्याचा दिसे. धरणाच्या पाण्याखाली बुडणाऱ्या दरीचे मोल मात्र त्या हिशेबात आपोआप येत नसे.

जो कधी दरीत गेलाच नाही, पण ती असावी असे ज्याला वाटते, त्याचे काय? हा मुद्दा अर्थतज्ज्ञ जॉन क्रुटिला यांनी 1967 मध्ये मांडला. प्रवासखर्चात त्याचा मागमूस नसतो, म्हणून ती टिकवायला किती द्याल, असे थेट विचारावे लागते. रॉबर्ट डेव्हिस यांनी 1963 मध्येच अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात येणाऱ्यांना बोली वाढवत विचारून पाहिले होते. या पद्धतीची खरी कसोटी लागली ती 24 मार्च 1989 रोजी अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे 1.1 कोटी गॅलन तेल सांडल्यावर. अलास्का राज्यासाठी झालेल्या पाहणीत प्रत्यक्ष वापराबाहेरचे नुकसान किमान 2.8 अब्ज डॉलर निघाले. एवढ्या रकमेवर वाद पेटणारच होता. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने 1993 मध्ये शिस्त घालून दिली: प्रत्यक्ष भेटून मुलाखत घ्या, ‘किती द्याल’ ऐवजी ठरावीक रकमेवर हो-नाही मत घ्या, आणि पर्यायी जागा व घरखर्चाची आठवण करून द्या.

आपल्याकडे या पद्धतीचा परिचित वापर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा आहे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईकर कुटुंबे उद्यान टिकवण्यासाठी महिन्याला सरासरी साडेसात रुपये द्यायला तयार दिसली. शहराला लागून असलेल्या उद्यानात प्रवासखर्चातला फरक फार थोडा असतो, त्यामुळे इथे थेट विचारणे योग्यच होते. पण देण्याची तयारी खिशावर अवलंबून असते. उद्यानातल्या पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासींसाठी जंगल किती मोलाचे आहे, हे अशा प्रश्नाने कळत नाही.

भारतात निसर्गाच्या मोलाला कायद्याचा दात मिळाला तो सर्वोच्च न्यायालयातल्या वनरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यातून. त्यात वनाचे मोल ठरवण्यासाठी नेमलेल्या कांचन चोप्रा समितीने सुचवलेल्या घटकांत लाकूड, चारा, कार्बन यांच्याबरोबर निसर्गपर्यटनही होते. 28 मार्च 2008 च्या आदेशाने वनजमीन दुसऱ्या वापराकडे वळवताना भरायचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे वनाच्या पुढच्या लाभांची आजची किंमत, हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख रुपये ठरले. अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. 2022 मध्ये हे दर वाढवले गेले, पण ते लावले जातात वनाचा प्रकार आणि घनता पाहूनच. एखाद्या विशिष्ट टेकडीवर रोज किती माणसे चढतात, हे त्यात कुठेच येत नाही.

अमेरिकेने 2016 च्या कायद्याने मैदानी करमणुकीचे स्वतंत्र राष्ट्रीय खाते सुरू केले. 2022 मध्ये तिचा वाटा जीडीपीच्या 2.2 टक्के होता. हे खाते प्रामाणिक आहे, पण ते मोजते उत्पादन: नौका, तंबू, हॉटेले, रोजगार. चालत टेकडीवर जाणारा त्यात जवळजवळ नसतोच. महाराष्ट्रात त्याची नोंद व्हायची असेल तर सुरुवात तिकीट खिडकीवर करता येते: प्रत्येक गटाचा पिनकोड, माणसांची संख्या, वाहन, त्या फेरीतले इतर थांबे आणि वर्षातल्या भेटी. वर्षभरात प्रत्येक ऋतूतले काही कामाचे आणि काही सुटीचे दिवस निवडून एवढे पाच रकाने भरले, तर वरचे गणित कल्पित आकड्यांवर करावे लागणार नाही.