उच्च शिक्षणाचा खर्च (महाराष्ट्र) : फी, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज

पदवी व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी लागणारा पैसा कुटुंबाची बचत, सरकारी शिष्यवृत्ती व फीसवलत, बँकेचे कर्ज आणि धर्मादाय संस्थांची मदत यांतून उभा करण्याच्या पद्धती. महाराष्ट्रात हा पैसा सहसा एका ठिकाणाहून येत नाही. निम्मी फी सरकारी योजनेतून, उरलेली कर्जातून, खोलीचे भाडे आणि मेस वडिलांच्या पगारातून किंवा शेतमालाच्या पट्टीतून आणि ऐनवेळची नड सोने तारण ठेवून, अशी जुळवाजुळव बहुतेक घरांत चालते. सवलतींची यादी लांब आहे, पण त्यांचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. फी प्रवेश घेतानाच मागितली जाते आणि शिष्यवृत्ती बऱ्याचदा वर्ष सरता सरता जमा होते. मधले महिने कसे निभवायचे, यावरच पालकांची खरी कसोटी लागते.

पूर्वपीठिका

इंग्रजी अमदानीत पुण्यासारख्या शहरात शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवायचे, अशी ही सोय होती. तिने अनेकांची शिक्षणे झाली, हे खरे. पण ती जातीच्या उंबरठ्याआत होती. ज्याला कोणाच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, त्याला वार कोण देणार? कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी वसतिगृहे उभी केली किंवा त्यांना आश्रय दिला, त्यामागे हे कारण होते. शिक्षणातला मोठा खर्च फीपेक्षा राहण्या-जेवणाचा असतो, हे त्यांनी फार लवकर ओळखले. आजच्या धोरणांत ही जाणीव पुन्हा डोकावू लागली आहे, तीही अलीकडेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणात निधीचे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र दिसतात. १९१३ मध्ये ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती आणि तिच्या मोबदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. आजच्या भाषेत त्याला बाँड म्हणतात. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा निघाले, तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेली उसनवारी अशी बेगमी त्यांनी केली होती.

कर्जरूपी शिष्यवृत्ती ही कल्पनाही जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी दान देत नाही, कर्ज देतो; परत आलेल्या पैशातून पुढच्यांना कर्जे मिळतात. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थींपैकी होत. पुढे जयंत नारळीकर हेही याच निधीचे विद्यार्थी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी मात्र दान आणि कर्ज या दोन्हींपलीकडचा मार्ग घेतला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ असे होते आणि तिच्या वसतिगृहांतील मुले स्वतः कष्ट करून आपला भार उचलत. तरी पैसा कमी पडेच. वसतिगृहातल्या मुलांसाठी धान्य आणायला लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही, ही हकीकत सातारा भागात आजही सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर आर्थिक निकषावरची मोठी सवलत आली ती यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. हीच ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची सवलत. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांमध्ये या तीन अक्षरांचा वाटा मोठा आहे.

फी कशी ठरते

अनुदानित महाविद्यालयांचा काळ फीच्या दृष्टीने सोपा होता. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. त्याआधी राज्यातली मुले प्रवेशासाठी कर्नाटकाची वाट धरत. आता जागा घराजवळ आल्या, पण त्यांच्यासोबत ‘देणगी’ हा शब्दही आला. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा राज्याने १९८७ मध्येच केला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात बरीच वर्षे खल चालला. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ ठरवल्या, म्हणजे एकाच्या जादा फीतून दुसऱ्याची भरपाई. ही रचना २००२ च्या टी. एम. ए. पै फाउंडेशन निकालाने मोडीत काढली. पाठोपाठ २००३ च्या निकालातून प्रत्येक राज्यात फी ठरवणारी समिती आली आणि २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या खटल्यात खासगी विनाअनुदानित संस्थांवरचे सरकारी कोटा-आरक्षणाचे बंधनच निघाले. त्यावर, हे आरक्षण पुन्हा ठेवता यावे म्हणून केंद्राने त्याच वर्षी घटनादुरुस्ती केली.

सध्या महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी मंजूर करते. महाविद्यालयाचा प्रत्यक्ष खर्च पाहून हा आकडा ठरतो. म्हणून एकाच शहरातल्या दोन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फीत मोठी तफावत असू शकते. अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे गणित वेगळे आहे आणि तिथे राज्याच्या बहुतेक सवलती लागूही होत नाहीत. प्रवेश अर्जात महाविद्यालयांचे पर्याय भरताना नावाजलेले कॉलेज वर टाकण्याच्या नादात ही गोष्ट निसटते.

आणखी एक मेख आहे. मंजूर फीत शिकवणी शुल्काबरोबर विकास शुल्क असते. ‘निम्मी फी माफ’ किंवा ‘मुलींना शंभर टक्के माफी’ म्हणताना माफी शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्काची असते. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस, गणवेश यांचे पैसे भरावेच लागतात. घोषणा ऐकून निर्धास्त झालेल्या पालकाला पहिला धक्का प्रवेशाच्या खिडकीवर बसतो, तो इथे.

शिष्यवृत्ती आणि महाडीबीटी

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या सगळ्यांत जुनी, १९४४ सालची. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून जास्त उत्पन्न असलेल्यांना राज्याची फ्रीशिप मिळते. तीत शिकवणी व परीक्षा शुल्क मिळते, निर्वाहभत्ता नाही. खुल्या प्रवर्गासाठी जुन्या ईबीसीचे आजचे रूप म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिकवणी व परीक्षा शुल्क सरकार भरते, आणि ही सवलत कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे. इतर मागास वर्गालाही निम्मी सवलत होती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींसाठी ती २०२४-२५ पासून शंभर टक्के झाली.

या सर्वांची एक सामाईक अट आहे : प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्तीचा विषय संपतो. मनासारखी शाखा मिळाली नाही म्हणून कॅपची जागा सोडून कोट्यात गेलेला विद्यार्थी चार वर्षांची सवलत सोडून देत असतो, आणि हा हिशेब मांडायला त्या धावपळीत कोणाला सवड नसते.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा; जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमिलेयर, अधिवास, रेशन कार्ड, कॅपचे अलॉटमेंट लेटर, मध्ये वर्ष गेले असल्यास गॅप सर्टिफिकेट. यांतले जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत चिवट. पडताळणी समितीकडे आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि महसुली नोंदी मागितल्या जातात, आणि ते शोधण्यात महिने जातात. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अकरावीत असतानाच प्रस्ताव टाकावा, हा सल्ला प्रत्येक कॉलेजचा कारकून देतो आणि तो अचूक असतो. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगइनवर, मग जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाच्या लॉगइनवर तपासला जातो. त्रुटी निघाली की तो परत येतो, आणि मोबाइलवरचा संदेश पाहिला नाही तर तसाच पडून राहतो.

रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. एकापेक्षा जास्त खाती असलेल्यांची इथे हमखास गफलत होते, कारण पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असा आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्याने महाविद्यालयात भरायचा असतो. पैसा विद्यार्थ्याच्या हाती जावा, हा हेतू चांगला. पण उशिरा आलेली रक्कम घरच्या अडचणीत खर्च होते, मग महाविद्यालय निकाल किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवते, असे वाद यातून उभे राहिले आहेत.

राहण्या-जेवणाचा खर्च

पुणे-मुंबईत शिकणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्याचा कॉट-बेसिसचा आणि मेसचा वार्षिक खर्च सवलतीनंतरच्या फीपेक्षा सहज जास्त होतो. सरकारी वसतिगृहे पुरत नाहीत, म्हणून तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून रोख रक्कम मिळते : मुंबई, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

सरकारबाहेर पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समितीचे काम जुने आणि ठळक आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली ही संस्था खेड्यांतून आलेल्या मुला-मुलींना अल्प दरात राहायला-जेवायला देते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत रोज काही तास काम करून तासावर मानधन मिळते. त्यात मेसचे बिल कसेबसे निघते. फी निघेल अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

शैक्षणिक कर्ज

बँकांचे शैक्षणिक कर्ज २००१ मध्ये भारतीय बँक संघाने तयार केलेल्या आदर्श योजनेवर बेतलेले आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर मालमत्ता तारण मागितली जाते. पालक सहकर्जदार असतात. शेतकरी कुटुंबांची अडचण इथे आहे. जमिनीची किंमत कितीही असली तरी थकीत कर्जासाठी तारण थेट ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून अशा कर्जाला बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात. गावातले घर गावठाणात, मालमत्ता पत्रकाविना; तेही चालत नाही. दहा एकरांचा मालक अशा वेळी शहरात फ्लॅट असलेल्या पाहुण्याकडे जामिनासाठी जातो.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते आणि ती पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. मात्र व्याज पहिल्या दिवसापासून लागते. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत सहा लाख उचलले आणि दर सरळव्याजाने १० टक्के धरला, तर पाचव्या वर्षाअखेर २ लाख १० हजार व्याज साचते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये बसतो. हेच व्याज शिकत असतानाच भरत गेल्यास हप्ता ७,९०० च्या आसपास राहतो. भरायचे किती, तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० आणि शेवटी ५,०००. ज्यांना जमते त्यांनी हे करावे, हा बँकेतल्या अनुभवी माणसांचा सल्ला असतो. शाखेत तो आपणहून क्वचित दिला जातो.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावरचे, शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळातले व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. निकष संस्थेच्या मानांकनाचा असल्याने तालुक्याच्या गावातले महाविद्यालय त्यात बसण्याची शक्यता कमी. राज्याचे इतर मागासवर्गीय महामंडळ देशांतर्गत शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंत आणि परदेशासाठी वीस लाखांपर्यंतच्या बँककर्जावरील व्याजाचा परतावा देते. गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्जच देते. महाराष्ट्रात त्या तोडीचे काही नाही.

परदेशी शिक्षणात रकमा मोठ्या आणि जोखीमही वेगळी. फी डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत असल्याने रुपया घसरला की दुसऱ्या वर्षी मंजूर रक्कम अपुरी पडते. बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या तारणाशिवाय कर्ज देतात, पण सहसा चढ्या दराने आणि शिकत असतानाच व्याज सुरू करून. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. कर्जाच्या व्याजावर जुन्या प्राप्तिकर पद्धतीत कलम ८०ई खाली आठ वर्षे वजावट आहे, तिला रकमेची मर्यादा नाही. नवी पद्धत निवडणाऱ्याला ती मिळत नाही, त्यामुळे नोकरीच्या पहिल्या वर्षी करपद्धत निवडताना हप्त्यातले व्याज किती, हे आधी बँकेच्या प्रमाणपत्रावर पाहून घ्यावे लागते.