सीताफळाच्या डोळ्यांतला पिठ्या

धारूरच्या डोंगरातली सीताफळं पाटीत येतात, तेव्हा जाणता गिऱ्हाईक आधी डोळ्यांमधल्या खाचा बघतो. तिथं पांढरं पीठ दिसलं की भाव पडला. नखानं खरवडलं तर मेणाखालून चपटा, पिवळट-गुलाबी जीव निघतो. हा पिठ्या ढेकूण. आपण त्यावर फवारणी करतो. अमेरिकेतले उत्क्रांतीशास्त्रज्ञ जॉन मकचन त्याच्या पोटातल्या जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, वाचत बसले.

पिठ्या जन्मभर झाडाचा रस ओढतो. त्यात साखर भरपूर, पण अंग धरायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. नुसत्या उसाच्या रसावर लेकरू वाढवण्यातला प्रकार. ही तूट पोटातल्या खास पेशींत राहणारे जिवाणू भरून काढतात. त्या पेशींतल्या गोळ्यांना आधी चिकट द्रवाच्या पिशव्या समजत. २००१ मध्ये जीवशास्त्रज्ञ कॅरोल फॉन डोलेन यांनी दाखवलं, की ते गोळेच जिवाणू आहेत आणि त्यांच्या आत दुसरे जिवाणू राहतात! बाहेरचा ट्रेंब्लाया, आतला मोरानेला. हे दुसरं नाव नॅन्सी मोरान यांच्यावरून पडलं. मावा किडीतल्या जिवाणूंवर त्यांनी कित्येक वर्षं घातली. मकचन त्यांच्याच प्रयोगशाळेत या विषयात मुरले.

फॉन डोलेन आणि मकचन यांनी २०११ मध्ये ट्रेंब्लायाचा जीनोम छापला. डीएनएची अक्षरं जेमतेम १ लाख ३९ हजार. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूची ४६ लाखांच्या घरात असतात. ट्रेंब्लायाकडे स्वतःची प्रथिनं जुळवायची अवजारंही पुरी नाहीत. फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल बनवायचं काम तर चक्क सावडीनं चालतं: काही पायऱ्या ट्रेंब्लायाच्या, काही मोरानेलाच्या, आणि पिठ्याचाही हात लागतो. एकाचा बैल, दुसऱ्याचं औत.

मात्र याला गुण्यागोविंदाचा संसार म्हणायला मी तयार नाही. आईकडून अंड्यात मोजकेच जिवाणू उतरतात, बाहेरच्यांशी जनुकांची देवघेव नाही. त्यामुळे बिघडलेलं जनुक गाळून टाकायची सोय उरत नाही. पिढ्यान्पिढ्या नुसती झीज. बैल विकला, मग औतही.

२०१३ मध्ये मकचन यांच्या गटाला खुद्द पिठ्याच्या जीनोममध्ये जिवाणूंकडून आलेली निदान २२ जनुकं सापडली. त्यातली बरीच या झिजलेल्या भाडेकरूंची कामं निभावणारी. पण ती ट्रेंब्लायाची नव्हेत, मोरानेलाचीही नव्हेत. कधीकाळी येऊन गेलेल्या भलत्याच जिवाणूंची.