चिलटं उडतात वर, वाढतात मातीत

पावसाळ्यात घरातल्या मनी प्लांटला पाणी घालायला जावं, तर कुंडीतून चार-दोन काळी चिलटं उठतात आणि थेट चहाच्या कपाकडे निघतात. पहिला संशय येतो टोपलीतल्या केळ्यांवर. पण फळांवरची चिलटं तपकिरी, बुटकी आणि लाल डोळ्यांची असतात. कुंडीतली काळपट, सडपातळ, लांब पायांची. अगदी छोट्या डासासारखी दिसतात. त्यांना धड उडताही येत नाही, बराच वेळ मातीवरच तुरुतुरु चालतात. व्हिनेगरच्या वाटीत फळांवरची चिलटं हमखास सापडतात, ही मात्र तिकडे फारशी फिरकत नाहीत.

ही चिलटं चावत नाहीत. जेमतेम आठवडाभर जगतात, पण तेवढ्यात एक मादी ओल्या मातीत शंभराहून जास्त अंडी घालू शकते. काही दिवसांत अळ्या बाहेर पडतात, साधारण दोन आठवडे खातात, मग मातीतच कोष करतात. आपल्याकडच्या हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार. डास मारायची रॅकेट फिरवून समाधान मिळतं, हे मान्य. पण तोवर पुढची फळी मातीखाली जेवत असते.

अळी पारदर्शक, पाच-सहा मिलिमीटरची आणि डोकं चकचकीत काळं. तिचं मुख्य अन्न म्हणजे कुजणारा पाचोळा, बुरशी आणि शेवाळ. सोबत ती कोवळी मुळंही कुरतडते. जुन्या रबर प्लांटला त्याचं काही वाटत नाही, पण नुकतं उगवलेलं रोप किंवा लावलेली फांदी माना टाकू शकते. अळ्या आहेत का हे पाहायचं, तर बटाट्याची एक चकती मातीवर पालथी ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उचलून बघा. खालच्या बाजूला काळी डोकी वळवळताना दिसतील.

या अळ्यांचा मुक्काम मुख्यतः मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असतो. तो थर कोरडा पडू दिला की अंडी आणि कोवळ्या अळ्या तग धरत नाहीत. घड्याळ बघून रोज पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट खुपसून बघणं बरं. कोकोपीट मात्र फसवं: वरून सुकलेलं, आत चिंब. शिवाय आपल्याकडे चहाचा चोथा कुंडीत टाकायची सवय आहे, तोही दुधासाखरेचा. चिलटांसाठी याहून चांगली पंगत नाही! अर्धवट कुजलेलं खतही तसंच. ज्या झाडांना चालतं त्यांना ताटलीतून, खालून पाणी द्यावं. उरलेलं अर्ध्या तासाने ओतून टाकावं.

पण ऐन जुलैत माती सुकणार कशी? तिथे एक जिवाणू कामाला येतो: बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, डासांच्या अळ्या असलेल्या डबक्यात तो सापडला. तो प्रथिनांचे स्फटिक बनवतो. डासाच्या किंवा चिलटाच्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतात आणि आतड्याला भोकं पडतात. माणसाचं जठर आम्लधर्मी, आणि त्या विषाला चिकटायला लागणारी जागाही आपल्या आतड्यात नाही. म्हणून डासांच्या अळ्या मारायला तो जगभर वापरतात. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून तो मातीत ओतायचा. मात्र अंडी आणि कोष काही खात नाहीत, त्यामुळे एका खेपेने भागत नाही. दर आठवड्याला एकदा, असं तीन-चार आठवडे द्यावं लागतं.

सोबत कुंडीत पिवळा चिकट कागद खोचून ठेवा. त्यावर उडणारी चिलटं चिकटतात, पण त्याचा खरा उपयोग मोजणीला होतो. पहिल्या आठवड्यात आकडा हलत नाही आणि माणूस चिडून फवारणीची बाटली आणायला धावतो. थांबा. ती आधीच कोषात गेलेली मंडळी असतात. उतार दिसायला तिसरा आठवडा उजाडतो.