एकाच पराभवावर दोन्हीकडून टाळ्या

१५ जानेवारी २०१९. लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात उलटून गेले होते. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये बटण दाबून मतदान होत नाही. बाजूने असाल तर एका दालनातून आणि विरोधात असाल तर दुसऱ्या दालनातून चालत जायचं, आणि दाराशी डोकी मोजली जातात. त्या दिवशी मजूर पक्षाच्या खासदार ट्युलिप सिद्दिक चाकाच्या खुर्चीत बसून आल्या होत्या. दिवस भरलेले, सिझेरियन ठरलेलं. ते दोन दिवस पुढे ढकलून त्या आल्या. गैरहजर खासदारासाठी समोरच्या बाकावरच्या एकाने मत द्यायचं नाही, असा तिथे जुना सभ्य रिवाज आहे. पण आदल्या जुलैमध्ये हुजूर पक्षाच्या अध्यक्षांनीच तो मोडला होता, त्यामुळे कुणाच्या शब्दावर कुणाचा भरवसा उरला नव्हता.

निकाल आला: पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या कराराच्या बाजूने २०२, विरोधात ४३२. फरक २३० मतांचा. याआधीचा मोठा सरकारी पराभव १९२४ सालचा, तोही १६६ मतांचा. मेबाईंच्या विरोधात गेलेल्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते.

पण त्या संध्याकाळचं खरं चित्र सभागृहाबाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये होतं. एकीकडे युरोपचे निळे झेंडे घेतलेले लोक होते, ज्यांना ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडणं, नकोच होतं. दुसरीकडे युनियन जॅक घेतलेले, ज्यांना ते कालच हवं होतं. निकाल कळताच जल्लोष दोन्ही गोटांत झाला. पहिल्यांना वाटलं, आता दुसरं सार्वमत होणार. दुसऱ्यांना वाटलं, आता कराराचं लोढणं सुटलं, सरळ बाहेर. एकाच बाईच्या एकाच पराभवावर परस्परांचे कट्टर विरोधक टाळ्या वाजवत होते. हे कसं झालं ते समजायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण या भांडणात मेबाई आल्या तेव्हा ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनं होतं.

ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात, म्हणजे पुढच्या युरोपीय संघात, १ जानेवारी १९७३ला दाखल झालं, तेही दोनदा दारातून परत पाठवलं गेल्यावर. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशा दोन्ही वेळी नकार दिला होता. हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथ यांनी अखेर प्रवेश मिळवला. गंमत अशी, की तेव्हा युरोपवरून फुटलेला पक्ष मजूर होता. हॅरॉल्ड विल्सन यांनी पक्षातली फूट झाकायला १९७५मध्ये सार्वमत घेतलं, मंत्र्यांना हव्या त्या बाजूने प्रचार करायची मोकळीक दिली आणि ६७ टक्क्यांनी 'राहू या' म्हटलं. त्या प्रचारातलं मार्गारेट थॅचर यांचं छायाचित्र प्रसिद्ध आहे: अंगातल्या स्वेटरवर सदस्य देशांचे झेंडे विणलेले आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू. पक्षातलं घरगुती भांडण चव्हाट्यावर नेऊन जनतेकडून मिटवून घ्यायचं, ही युक्ती त्या वेळी लागू पडली. पुढच्यांनी त्यातून भलताच धडा घेतला.

स्वेटर घातलेल्या त्याच थॅचरबाईंनी १९८८मध्ये ब्रूजच्या भाषणात युरोपच्या वाढत्या अधिकारांवर तोफ डागली, आणि भांडण मजूर पक्षाच्या घरातून हुजुरांच्या घरात राहायला आलं. १९९०च्या नोव्हेंबरमध्ये उपपंतप्रधान जेफ्री हाव यांनी राजीनामा दिला आणि सभागृहात जे भाषण केलं, ते क्रिकेटवेड्या मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर जातात आणि पहिला चेंडू पडताना त्यांच्या लक्षात येतं, की सामना सुरू व्हायच्या आधीच आपल्या कर्णधाराने बॅटी मोडून ठेवल्यात, असं ते म्हणाले. थॅचरबाई पुढच्या बाकावर बसून ऐकत होत्या. नऊ दिवसांत त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन मेजर यांची बरीच वर्षं युरोपीय संघ उभा करणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराच्या बंडखोरांना आवरण्यात गेली. कंटाळून १९९५मध्ये त्यांनी पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन 'हिंमत असेल तर समोर या' असं आव्हान दिलं, २१८ विरुद्ध ८९ असे जिंकले, आणि तरी काही फरक पडला नाही.

पुढे पंतप्रधान झालेल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी २००६मध्ये पक्षनेते म्हणून पक्षाला सांगितलं होतं, युरोपचं तुणतुणं आता बंद करा. त्याच कॅमेरॉन यांनी २०१३च्या जानेवारीत सार्वमताचं आश्वासन दिलं. मागे यूकिप हा युरोपीय संघ सोडा म्हणणारा पक्ष आणि त्याचे नेते नायजेल फराज यांचा धसका होता. २०१४च्या युरोपीय निवडणुकीत यूकिप पहिली आलीच. २०१५मध्ये कॅमेरॉन यांना अनपेक्षितपणे बहुमत मिळालं आणि दिलेला शब्द गळ्यात पडला. २३ जून २०१६ला ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के असा कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांना राहायचं होतं. सकाळी कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला.

या सार्वमताच्या मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता: राहायचं की निघायचं? निघून जायचं कुठे, याला चौकोनच नव्हता. नॉर्वेसारखं बाजारात राहून बाहेर पडायचं? सीमाशुल्क संघात, म्हणजे आपापसांत जकात नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात अशा व्यवस्थेत, राहायचं? की सगळे दोर कापायचे? १ कोटी ७४ लाख लोकांनी 'निघू या' म्हटलं, त्यात हे सगळे होते. पुढची तीन वर्षं भांडण झालं ते या कोऱ्या जागेवर.

ती जागा मेबाईंनी एकट्याने भरली, आणि माझ्या मते त्यांची मूळ चूक ही आहे. पुढचे पराभव, खोकल्याची उबळ, रडवेला आवाज हे सगळं त्यानंतरचं. त्या सहा वर्षं गृहमंत्री होत्या. सार्वमतात त्या 'राहू या'च्या बाजूने होत्या, पण इतक्या हळू आवाजात, की कुणाला धड ऐकू गेलं नाही. १३ जुलै २०१६ला पंतप्रधान झाल्यावर 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट' हे त्यांचं पालुपद झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं हे वाक्य काही महिने चाललं. मग ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी मूठ उघडली: मार्चअखेर बाहेर पडण्याची नोटीस देणार, युरोपीय न्यायालयाचा अधिकार मानणार नाही, स्थलांतरावर आपलंच नियंत्रण. अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की ते भाषण ऐकून तेही थक्क झाले होते. जानेवारी २०१७मध्ये लँकेस्टर हाऊसमध्ये त्यांनी आणखी दोन गोष्टी नाकारल्या, एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ. वर म्हणाल्या, वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा. ५२-४८ असा कौल लागलेल्या देशात ४८वाल्यांना, एवढंच काय ५२मधल्या मवाळांनाही, कुणी विचारलं नाही. संसदेलाही विचारायचं नाही असाच बेत होता; सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी 'विचारावंच लागेल' असा निकाल दिला म्हणून विचारलं.

२९ मार्च २०१७ला नोटीस गेली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. घड्याळ लावून मग त्या निवडणुकीला गेल्या. जनमत चाचण्यांत वीसेक गुणांची आघाडी दिसत होती, 'खंबीर आणि स्थिर' ही घोषणा होती. ८ जूनला हुजुरांच्या ३३० जागांच्या ३१७ झाल्या. हातातलं बहुमत आपण होऊन घालवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. ज्यांना मेबाईंनी मंत्रिमंडळातून काढलं होतं ते जॉर्ज ऑस्बर्न आता वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांनी बाईंना चालतंफिरतं प्रेत म्हटलं. त्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरच्या अधिवेशनात बाई बोलत असताना एका विनोदवीराने त्यांच्या हातात नोकरीवरून कमी केल्याचा फॉर्म ठेवला, मग खोकला थांबेना, आणि मागच्या भिंतीवरच्या घोषणेतली अक्षरं एकेक करून गळू लागली. हसावं की कळवळावं ते कळत नव्हतं.

सरकार टिकवायला डीयूपी या, उत्तर आयर्लंड ब्रिटनशी घट्ट जोडलेलंच हवं म्हणणाऱ्या तिथल्या पक्षाचे दहा खासदार लागले, आणि तिथेच सगळं घोडं अडलं. आयर्लंड बेटावरची, ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथले पहारे उठले. आज उत्तरेतल्या गोठ्यातलं दूध टँकरने दक्षिणेत प्रक्रियेला जातं आणि सीमा कधी ओलांडली ते टँकरवाल्याला पाटीवरचे मैलांचे किलोमीटर झाले की कळतं. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडलं, की हा टँकर कुठेतरी तपासावा लागणार. जमिनीवर तपासला तर शांतता करार धोक्यात. समुद्रात, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये तपासला तर डीयूपी खवळणार. कुठेच तपासायचा नसेल तर अख्ख्या ब्रिटनने युरोपच्या नियमांत राहायचं, मग पक्षातले कडवे पेटणार. मेबाईंनी स्वतः आखलेल्या लक्ष्मणरेषा बरोबर या सीमेवरून जात होत्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यांनीच खणलेल्या.

समोर आयर्लंडचे पंतप्रधान म्हणून बसले होते लिओ वराडकर. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ब्रिटिश साम्राज्यातून सुटलेल्या दोन देशांचं रक्त असलेला हा माणूस लंडनला सीमेबद्दल लेखी हमी मागत होता, आणि युरोपीय संघातले बाकीचे २६ देश त्याच्या पाठीशी होते. वराडकर यांच्यावर लंडनमधली काही वर्तमानपत्रं का चिडली होती, हे मालवणी माणसाला समजायला जड जाऊ नये. ४ डिसेंबर २०१७ला ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांबरोबर जेवण चालू असताना मेबाईंना डीयूपीच्या अर्लीन फॉस्टर यांचा फोन घ्यायला उठावं लागलं. झालेली बोलणी त्या दिवशी मोडली, चार दिवसांनी पुन्हा जुळली, आणि त्यातून 'बॅकस्टॉप' नावाची तरतूद जन्मली: दुसरा मार्ग सापडेपर्यंत सीमा उघडी ठेवण्याची हमी.

जुलै २०१८मध्ये चेकर्सच्या सरकारी बंगल्यात सगळ्या मंत्र्यांना बोलावून, त्यांचे मोबाइल काढून घेऊन, मेबाईंनी युरोपशी जवळीक राखणारी मऊसर योजना मंजूर करून घेतली. एकमताचा हा संसार दोन दिवस टिकला. ब्रेक्झिट मंत्री डेव्हिस गेले, पाठोपाठ परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन. या योजनेने आपण वसाहतीच्या दर्जाला चाललो आहोत, असं जॉन्सन यांनी राजीनाम्यात लिहिलं. ब्रिटनच्या माजी परराष्ट्रमंत्र्याने वसाहत होण्याची तक्रार करावी, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

५८५ पानांचा करार नोव्हेंबरमध्ये तयार झाला. तो वाटाघाटींच्या खात्याचे नवे मंत्री डॉमिनिक राब यांनाच पटला नाही, तेही गेले. डिसेंबरमध्ये हरण्याच्या भीतीने मतदान पुढे ढकललं, दोन दिवसांत पक्षातच अविश्वासाचं मतदान झालं, २०० विरुद्ध ११७. मग जानेवारीचा तो पराभव. १२ मार्चला पुन्हा, १४९ मतांनी. तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणता येत नाही, असा १६०४पासूनचा संकेत सभापती जॉन बर्को यांनी काढून दाखवला. २० मार्चच्या रात्री मेबाई टीव्हीवर आल्या आणि जनतेला म्हणाल्या, मी तुमच्या बाजूची आहे, घोळ खासदार घालताहेत. ज्या खासदारांची मतं हवी होती, त्यांनाच देशासमोर आरोपी केलं. मला विचाराल तर हे भाषण निवडणुकीच्या निर्णयाहूनही महाग पडलं.

तेवढ्यात लोकही गप्प नव्हते. ब्रेक्झिट रद्द करा या ऑनलाइन अर्जावर ६० लाखांवर सह्या झाल्या, लंडनमध्ये दुसऱ्या सार्वमतासाठी प्रचंड मोर्चा निघाला. २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी बाहेर पडायचं होतं त्या दिवशी, त्याच चौकात उलट बाजूचे लोक 'विश्वासघात' म्हणून ओरडत होते आणि आत करार तिसऱ्यांदा पडत होता, ५८ मतांनी. 'करार होऊ द्या, मी पद सोडते' असं सांगूनही पडला. पर्याय म्हणून खासदारांनी स्वतः मतदान घेतलं. आठपैकी एकालाही बहुमत नाही, पुढच्या फेरीत चारपैकी एकालाही नाही. सीमाशुल्क संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी हुकला. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांच्याशी बोलणी करायला मेबाई गेल्या त्या एप्रिलमध्ये. जे जुलै २०१६मध्ये करायला हवं होतं ते पावणेतीन वर्षांनी, आणि तोवर विरोधकांना बुडत्या बोटीत चढायची गरज उरली नव्हती. मेमधल्या युरोपीय निवडणुकीत हुजूर पक्ष ८.८ टक्के मतं मिळवून पाचवा आला. निकाल लागायच्या आधीच, २४ मेला, मेबाईंनी डाउनिंग स्ट्रीटवर राजीनामा जाहीर केला. शेवटच्या वाक्याला आवाज फुटला.

जॉन्सन आले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी करार आणला, त्यात तपासणीची रेघ समुद्रात होती. कोणताही ब्रिटिश पंतप्रधान असं कधी मान्य करणार नाही, असं मेबाईंनी २०१८मध्ये सभागृहात ठणकावून सांगितलं होतं. १९ ऑक्टोबर २०१९, शनिवार. १९८२च्या फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच सभागृह शनिवारी भरलं होतं. मागच्या बाकावरून मेबाई उठल्या. हे सगळं आपण आधीच पाहिलंय असं फार वाटतंय, अशी त्यांनी सुरुवात केली आणि सभागृह हसलं. मग, ज्यांनी आपला करार पहिल्या दोन्ही वेळा पाडला होता, त्या जॉन्सन यांच्या कराराला मत द्या असं त्यांनी सांगितलं. डीयूपीचे दहा खासदार विरोधात गेले.