एकाच आकड्याच्या दोन विंच: एम३७ ट्रकवरची पीटीओ विंच आणि इलेक्ट्रिक विंच

डॉज कंपनीने १९५१ ते १९६८ या काळात अमेरिकी लष्करासाठी बांधलेल्या एम३७ या पाऊण टनी ट्रकांपैकी काहींच्या पुढच्या बंपरपाशी कारखान्यातूनच विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र, बसवलेली असे, तर बाकीच्यांना ती नसे. आज असा विंच नसलेला ट्रक हाती आलेला हौशी मालक बाजारातून इलेक्ट्रिक विंच आणून बंपरवर बसवतो, आणि दोन ट्रक शेजारी उभे केले तर पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. दोन्हीकडे ड्रम, पोलादी दोर आणि टोकाला आकडी असते. दोन्हींच्या पट्टीवर ओढण्याची क्षमता पौंडांत कोरलेली असते. ही क्षमता सारखी असली की काम सारखेच होईल असे मानले जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

मूळ विंच ब्रॅडन कंपनीची, ७,५०० पौंडांची, म्हणजे सुमारे ३,४०० किलोंची होती. ती इंजिनाच्या जोरावर चालते. गिअरबॉक्सला जोडलेल्या पीटीओमधून (पॉवर टेक-ऑफ, म्हणजे इंजिनाची शक्ती दुसऱ्या यंत्राला देणारा जोड) एक शाफ्ट पुढे बंपरपर्यंत जातो आणि तिथे वर्म गिअरमार्फत, म्हणजे मळसूत्राने दातेरी चाक फिरवणाऱ्या गिअरमार्फत, ड्रम फिरवतो. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. रोटाव्हेटर ज्या तत्त्वावर फिरतो त्याच तत्त्वावर ही विंच फिरते. इलेक्ट्रिक विंचमध्ये इंजिन आणि ड्रम यांचा यांत्रिक संबंधच नसतो. बॅटरीतून जाड केबलने आलेला प्रवाह मोटर फिरवतो आणि बहुतेक वेळा ड्रमच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या लहान चाकांचा संच) त्या वेगाचे जोरात रूपांतर करतात.

आता पट्टीवरच्या क्षमतेच्या आकड्याकडे पाहू. दोन्हींच्या बाबतीत तो ड्रमवर दोराचा अगदी पहिला थर असतानाचा असतो. वर थर चढत जातील तसा ड्रमचा परिणामी व्यास वाढतो आणि दर थरामागे ओढ साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. इथवर दोघी सारख्याच आहेत. पट्टीवर न लिहिलेली गोष्ट अशी, की पीटीओ विंच टाकीत पेट्रोल आणि रेडिएटरमध्ये पाणी असेपर्यंत ती ओढ देत राहू शकते, तर इलेक्ट्रिक विंच ती काही मिनिटांपुरतीच देते. एकीकडे ती रोजची मिळकत आहे आणि दुसरीकडे बॅटरीकडून घेतलेली उचल आहे.

ही उचल किती मोठी आणि ती फेडणारा किती दुबळा, हे एम३७च्या बाबतीत मोजून पाहण्यासारखे आहे. या ट्रकची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असून त्यासाठी १२ व्होल्टच्या, प्रत्येकी ४५ अँपिअर-तासांच्या (किती अँपिअर किती तास मिळतील याचे माप) दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. अशा जोडणीत व्होल्टेज दुप्पट होते, पण अँपिअर-तास ४५च राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या वजनाच्या ट्रकला शोभेल अशी २४ व्होल्टची विंच पूर्ण भाराला २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. कागदावर ४५ अँपिअर-तास म्हणजे साडेतेरा मिनिटे. पण शिसे-आम्लाच्या बॅटरीतून इतक्या वेगाने प्रवाह काढला की तिची उपयोगी क्षमता बरीच घसरते, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारा वेळ याहून कितीतरी कमी असतो. भरपाईची बाजू तर याहूनही लंगडी आहे, कारण मूळ जनरेटर अवघा २५ अँपिअरचा आहे. २०० अँपिअरने एक मिनिट ओढले तर सव्वातीन अँपिअर-तासांहून थोडे अधिक खर्च होतात आणि ते परत भरायला, दिवे बंद ठेवून आणि कोणताही अपव्यय न धरता, त्या जनरेटरला आठ मिनिटे लागतात. शिवाय जुन्या धाटणीचा डीसी जनरेटर इंजिन मंद गतीवर असताना जवळजवळ काहीच देत नाही, आणि चिखलात अडकलेल्या ट्रकचे इंजिन त्या वेळी मंदच चालत असते. म्हणून या ट्रकवर इलेक्ट्रिक विंच बसवण्याचे काम माझ्या मते बंपरपासून सुरू होतच नाही. ते अधिक क्षमतेचा २४ व्होल्टचा अल्टरनेटर आणि मोठ्या बॅटऱ्या यांच्यापासून सुरू होते. हा खर्च विंचच्या किमतीत कोणी धरत नाही, आणि नंतर दोष विंचला दिला जातो.

याच टप्प्यावर आणखी एक चूक घडते. बाजारात १२ व्होल्टच्या विंच मुबलक मिळतात, म्हणून तीच आणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवर जोडण्याचा मोह होतो. विंच फिरते, त्यामुळे काम झाले असे वाटते. पण जिच्यावर विंच जोडली ती बॅटरी रिकामी होते आणि दुसरी भरलेलीच राहते. चार्जिंगचा प्रवाह मात्र दोघींमधून एकाच मापाने जातो. परिणामी एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी वाजवीपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते आणि काही काळाने दोन्ही बदलाव्या लागतात. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या मोटरला प्रवाह दुपटीने, म्हणजे ४०० अँपिअरच्या आसपास, लागतो हा तोटा वेगळाच. मोटर आणि सोलेनॉइड (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) दोन्ही २४ व्होल्टचेच घ्यावेत आणि निगेटिव्ह केबल चॅसीवर न टेकवता थेट बॅटरीपर्यंत न्यावी. सत्तर वर्षांच्या गंजलेल्या जोडांतून २०० अँपिअर सुरळीत जातील अशी अपेक्षा धरू नये.

एवढे वाचून पीटीओ विंचच सरस असे वाटेल, पण तिची अडचण अशी, की इंजिन बंद पडले की तीही बंद पडते. ओढ्यात उतरून इग्निशन भिजलेल्या ट्रकला तिचा काहीच उपयोग नाही, तर इलेक्ट्रिक विंच तशाही अवस्थेत, बॅटरीत जीव असेपर्यंत, ट्रक बाहेर काढू शकते. चालवण्याची पद्धतही वेगळी आहे. पीटीओ विंचसाठी क्लच आणि ॲक्सिलरेटरवर कोणीतरी बसलेले लागते आणि त्याला दोराचे टोक नीट दिसतेच असे नाही, म्हणून खुणा करणारा दुसरा माणूस हवा. इलेक्ट्रिक विंच हातातल्या रिमोटने बाजूला उभे राहून एकटा माणूस चालवू शकतो. दोर तुटला तर तो कोणत्या दिशेने झेपावेल हे लक्षात घेता ही सोय लहान नाही.

बिघडण्याची तऱ्हा मला यात सर्वांत बोलकी वाटते. इंजिनाला विंचचा भार जाणवतच नाही. गिअरच्या जोरावर ते दोर तोडू शकेल किंवा चॅसी वाकवू शकेल. म्हणून पीटीओ शाफ्टवर मुद्दाम मऊ धातूची शिअर पिन घातलेली असते, जी मर्यादेपलीकडे भार गेला की स्वतः तुटते आणि बाकी सगळे वाचवते. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुटल्यावर त्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट ठोकणारे आपल्याकडे जसे भेटतात तसे तिकडेही भेटतात, आणि फळही तसेच मिळते. इलेक्ट्रिक विंचला अशी पिन नसते. भार वाढला की मोटर मंदावते, प्रवाह वाढतो आणि आतली गुंडाळी तापत जाते. मोटर जळेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तिला थोडे ओढू द्यावे आणि मग थांबून थंड होऊ द्यावे, हा शिस्तीचा भाग माणसावर येतो.

भार धरून ठेवण्यातही फरक आहे. वर्म गिअर उलटा सहजी फिरत नाही, त्यामुळे पीटीओ विंच भार जवळजवळ स्वभावतःच धरते. प्लॅनेटरी गिअर उलटे फिरू शकतात, म्हणून इलेक्ट्रिक विंचला वेगळा ब्रेक लागतो, आणि तो ड्रमच्या आत असेल तर भाराखाली दोर सोडताना ड्रम चांगलाच तापतो. सिंथेटिक दोर वापरणाऱ्याने हे विसरू नये, कारण पोलादी दोराला न बाधणारी ही उष्णता त्याला आतून जाळते.

बसवण्याबद्दल थोडक्यात. विंच नसलेल्या एम३७वर मूळ विंच चढवायची तर पीटीओ, शाफ्ट, लिव्हर आणि विंचसाठी लांबवलेला चॅसीचा पुढचा भाग असे सगळेच जमवावे लागते. ते जमत असेल आणि ट्रक मूळ रूपात ठेवायचा असेल तर तोच मार्ग घ्यावा. इलेक्ट्रिक विंच नुसत्या बंपरच्या पत्र्यावर बोल्टने कसू नये. तिची बैठक दोन्ही चॅसी रेलना जोडलेली असावी. आणि विंच कोणतीही असली तरी एक स्नॅच ब्लॉक जवळ ठेवावा. ती कप्पी समोरच्या आधाराला अडकवून दोर तिच्यातून फिरवून ट्रकलाच परत अडकवला की वेग निम्मा होतो, पण विंचवरचा भारही जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि इलेक्ट्रिक विंचच्या बाबतीत तेवढ्याने बॅटरीतून जाणारा प्रवाह लक्षणीय उतरतो.