घटका भरली म्हणजे नेमके काय भरले?

लग्नपत्रिकेवर मुहूर्त हल्ली तास-मिनिटांत छापतात. पण वेळेचे आपले जुने शब्द भांड्याकुंड्यांतून आले आहेत. घट म्हणजे मडके, घटिका म्हणजे लहान घट; तीच आपली घटका. तास म्हणजे मूळची टोल द्यायची धातूची थाळी, म्हणून जुन्या वैराग्यपर ओळींत तास ‘वाजतो’.

घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद तरंगत सोडायची. भोकातून पाणी वर चढते, वाटी जड होत जाते आणि काठावरून पाणी आत शिरले की गुडुप होऊन तळाशी जाते. झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. लगेच वाटी काढायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची. दिवसरात्र मिळून ६० घटका, एका घटकेची ६० पळे. म्हणजे अडीच घटकांचा तास आणि २४ सेकंदांचे पळ. दोन घटका झाल्या की एक मुहूर्त.

पळ हे मुळात वजनाचे माप. जुन्या ज्योतिषग्रंथांत वाटी दहा पळे तांब्याची, सहा अंगुळे (बोटांच्या रुंदीएवढी मापे) उंच, तोंडाशी बारा अंगुळे रुंद आणि ६० पळे पाणी मावेल अशी सांगितली आहे. एक पळ पाणी आत यायला लागतो तो वेळ एक पळ, असा तो मेळ. भोकाचे मापही दिले आहे: ३⅓ माष (सोने तोलायचे छोटे वजन) सोन्याची चार अंगुळे लांब सळई जाईल एवढे. हे भास्कराचार्यांना पटले नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ते अर्ध्या घटासारखी तांब्याची वाटी घ्या म्हणतात. दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा. तेवढे तिचे माप. भोक कसे का असेना. कारागिराला झेपेल असा सल्ला हाच. (याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.)

वाटी गळकी न ठेवता बुडती का ठेवली? गळत्या भांड्यातली पातळी उतरते तशी धार मंदावते, म्हणून आत असमान अंतरावर खुणा कराव्या लागतात. बुडत्या वाटीला खुणा लागतच नाहीत. बुडाली की मोजायचे, एवढेच.

बिघडायचे ते भोकाशी. पाण्यातला क्षार साचला की भोक अरुंद होते आणि घटका लांबते. फार घासून भोक मोठे झाले तर ती आखडते. थंडीत पाणी किंचित दाट होते, त्यामुळे पहाटेची घटका दुपारच्या घटकेपेक्षा रेंगाळते. त्यात वाटी पुन्हा सोडताना दर खेपेला चार सेकंद गेले, तर ३० घटकांत दोन मिनिटे, म्हणजे पाच पळे हुकतात. घंगाळाशी बसणारा माणूस डुलक्या घेणारा नको, तो यासाठी.

भोक बुजण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट भास्कराचार्यांच्या मुलीची, लीलावतीच्या लग्नाची: तिच्या अंगावरचा मोती घटिकापात्रात पडला, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. भास्कराचार्यांनी स्वतः हे कुठेही लिहिलेले नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा गणितग्रंथ फारसीत नेला, त्या भाषांतराच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी.

लग्नात घटिका मांडायची ती सूर्योदयाला, कारण मोजणी तिथूनच सुरू होते. समजा सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी आणि मुहूर्त १४ घटका ३० पळे. साडेचौदा गुणिले २४ म्हणजे ३४८ मिनिटे, अर्थात ५ तास ४८ मिनिटे. मुहूर्त आला ११ वाजून ५८ मिनिटांवर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या गावचा सूर्योदय धरणे. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला. दर अंशाला चार मिनिटे धरली तर २५ मिनिटांचा फरक. मुंबईच्या मंडपात नागपूरचा सूर्योदय धरून मोजले, तर अंतरपाट जवळजवळ एक घटका आधीच दूर होईल.